कलम पाचमधला अपवाद

१९ मार्च १९३३ रोजी पोर्तुगालमध्ये नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेतले गेले. जे मतदार आलेच नाहीत, त्यांची मतेही ‘मान्य’ म्हणून धरली गेली. ११ एप्रिलला घटना अमलात आली. तिच्या पाचव्या कलमात कायद्यापुढील समानतेची हमी आहे. जन्म, खानदान, किताब, लिंग किंवा सामाजिक स्थान यांच्या जोरावर कोणालाही विशेष हक्क मिळणार नाही, असे ते सांगते. पण वाक्य तिथे संपत नाही. स्वल्पविरामानंतर लगेच अपवाद येतो : बाईच्या बाबतीत मात्र तिच्या निसर्गामुळे आणि कुटुंबाच्या भल्यासाठी जे फरक पडतात, ते सोडून.

पुढची एक्केचाळीस वर्षे पोर्तुगालमधल्या बायकांनी त्या स्वल्पविरामानंतरच्या भागात काढली.

हा लेख त्या काळातल्या कागदांवर उभा आहे. राजपत्रातली फर्माने, शाळेच्या भिंतीवर लावलेले एक चित्र, एका संपादिकेने खेडोपाडी फिरून केलेले पुस्तक आणि एका शेतमजूर बाईच्या मृत्यूची कागदपत्रे असा हा ऐवज आहे. त्यातले बहुतेक कागद सरकारी आहेत. बायकांच्या स्वतःच्या हातचे फार थोडे. म्हणून कायद्यात काय लिहिले होते आणि घरात काय घडत होते, या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवल्या आहेत. कायद्याने सांगितले म्हणून प्रत्येक घर तसे चालत होते, असे मानणे चूक. आणि घरे वेगळी चालत होती म्हणून कायद्याला अर्थ नव्हता, हे मानणे त्याहून मोठी चूक.

मराठी वाचकाने हे कागद का वाचावेत, याचे उत्तर साधे आहे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत हेच सरकार गोव्यावर राज्य करत होते.

आंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार हा कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. २८ मे १९२६ च्या लष्करी उठावाने पोर्तुगालचे पहिले प्रजासत्ताक बुडाले. १९२८ मध्ये सालाझार अर्थमंत्री झाला, १९३२ मध्ये पंतप्रधान. त्याने आपल्या राजवटीला ‘एस्टाडो नोव्हो’, म्हणजे नवे राज्य, असे नाव दिले. तिला फॅसिस्ट म्हणावे की नाही, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. सालाझार मुसोलिनीसारखा सज्ज्यातून गर्जत नव्हता, आणि त्याच्या राजवटीत चर्चचे वजन फार होते. पण एकच पक्ष, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, राजकीय पोलीस, मुलामुलींच्या गणवेशातल्या संघटना, हात पुढे करून सलामी आणि मुसोलिनीच्या कामगार सनदेचा आदर्श ठेवून १९३३ मध्येच केलेला कामगार कायदा हे सगळे तिथे होते. तुरुंगात गेलेल्या पोर्तुगीजांनी आणि गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांनी तिला फॅसिस्टच म्हटले. बायकांचे कागद वाचल्यावर मलाही तोच शब्द योग्य वाटतो. कारण या राजवटीने कुटुंब ही खासगी गोष्ट ठेवलीच नाही. घटनेने गावपातळीवरची मंडळे निवडण्याचा हक्क माणसांना न देता कुटुंबांना दिला, आणि तो कुटुंबप्रमुखाने बजावायचा होता. राज्याची सर्वांत खालची पायरी म्हणजे घर, आणि घराचा प्रमुख म्हणजे नवरा.

सालाझारने काय काढून घेतले हे कळायला आधी काय मिळाले होते ते पाहावे लागते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत नवऱ्याने बायकोचे रक्षण करायचे आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळायची, असे सरळ लिहिले होते. मालमत्ता दोघांची सामाईक, पण कारभार नवऱ्याचा. लिहिणाऱ्या बाईसाठी तर स्वतंत्र कलम होते : नवऱ्याच्या संमतीवाचून तिने आपले लेखन छापू नये, त्याने अन्यायाने नकार दिला तर न्यायालयात जावे. १९१० मध्ये राजेशाही गेली आणि प्रजासत्ताकाने वर्षअखेरीस ही घडी बदलली. ३ नोव्हेंबरला घटस्फोटाचा कायदा आला. २५ डिसेंबरच्या कुटुंबविषयक फर्मानांत आज्ञापालनाचे कलम गेले, विवाह स्वातंत्र्य आणि समानतेवर उभा असतो असे शब्द आले, आणि विवाहित बाईला आपले लेखन नवऱ्याच्या परवानगीवाचून छापण्याची मुभा मिळाली. त्याच फर्मानात ‘घरचा कारभार मुख्यतः बायकोचा’ असेही होते. प्रजासत्ताकाची समानता पुरी नव्हतीच. १९११ च्या निवडणुकीत कारोलिना बेआत्रिझ आंजेलो या डॉक्टर विधवेने, ‘मी साक्षर आहे आणि घरची प्रमुख आहे, कायद्यात पुरुष असा शब्दच नाही’ या मुद्द्यावर न्यायालयातून मतदानाचा हक्क मिळवला आणि मत दिले. त्यानंतर दोन वर्षांत प्रजासत्ताकाने कायद्यात ‘पुरुष’ हा शब्द घातला.

मताच्या बाबतीत सालाझारच्या बाजूचे लोक अभिमानाने सांगत की बायकांना मत आम्ही दिले. ते खरे आहे. ५ मे १९३१ च्या फर्मानाने बायकांना पहिल्यांदा मत मिळाले. पण पुरुषाला लिहिता-वाचता येणे पुरे होते, आणि तेही येत नसेल तर ठराविक कर भरला की चालत होते. बाईला मात्र माध्यमिक किंवा उच्च शिक्षणाचे प्रमाणपत्र लागत होते. बहुसंख्य बायका निरक्षर असलेल्या देशात ही अट किती जणींना बाहेर ठेवत असेल, याचा हिशेब अवघड नाही. १९३४ च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत सरकारी पक्षाच्या यादीतून तीन बायका राष्ट्रीय सभेत गेल्या : मारिया ग्वार्दियोला, दोमितिला द कार्व्हाल्हो आणि मारिया कांदिदा पारेइरा. दोमितिला ही कोइंब्रा विद्यापीठात शिकलेली पहिली बाई, कांदिदा वकील, ग्वार्दियोला शिक्षिका. घराबाहेर पडूनच मोठ्या झालेल्या या तिघींनी इतर बायकांनी घरात राहावे, या धोरणाला आवाज दिला. त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. राजवटीने त्यांना जो एक दरवाजा उघडला होता, त्यातून आत जाण्याची किंमत तीच होती, आणि त्यांनी ती मनापासून मोजली.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका कागद. २४ नोव्हेंबर १९३६ चे फर्मान, क्रमांक २७२७९. विषय प्राथमिक शिक्षणाची पुनर्रचना. खेड्यातल्या शाळा, वर्ग, नेमणुका यांची कलमे सुरू आहेत आणि मधेच नववे कलम येते. त्याचा आशय असा : शिक्षिकांचा विवाह शिक्षणमंत्र्यांच्या परवानगीवाचून होऊ शकणार नाही. मंत्री परवानगी देतील ती दोन गोष्टी पाहून. एक, वराचे नैतिक आणि नागरी वर्तन चांगले असावे. दोन, वराचा पगार किंवा उत्पन्न शिक्षिकेच्या पगाराशी जुळणारे असावे, आणि ते कागदपत्रांनी सिद्ध केलेले असावे.

हे कलम सावकाश वाचावे. मास्तरांच्या लग्नाला अशी कोणतीही अट नाही. अट फक्त मास्तरणीला. मुलगी पसंत करते, मुलगा हो म्हणतो, घरची माणसे तयार होतात, आणि मग प्रस्ताव लिस्बनला मंत्र्याच्या टेबलावर जातो. ‘नागरी वर्तन’ या दोन शब्दांत राजकारणही येते. ज्याच्यावर पोलिसांची नजर आहे, असा नवरा त्या चाळणीतून जाणार नाही. दुसरी अट त्याहून खोल जाते. शिक्षिकेपेक्षा कमी मिळवणारा शेतकरी, सुतार किंवा कोळी तिचा नवरा होऊ शकत नाही, कारण मग घरात बायको जास्त कमावणारी होईल आणि प्रमुख कोण हा प्रश्न उभा राहील. आणि ज्या खेड्यात तिची नेमणूक होती, तिथे बहुतेक पुरुष याच व्यवसायातले. मंत्र्याने दिलेल्या परवानग्या सरकारी राजपत्रात छापून येत : अमुक शाळेच्या अमुक शिक्षिकेला अमुक इसमाशी विवाह करण्यास मंजुरी. आपल्याकडे मुलीचे लग्न ठरताना ‘मुलगा काय करतो, किती मिळवतो’ हा प्रश्न मुलीचा बाप विचारतो. इथे बापाच्या जागी मंत्री बसला होता आणि उत्तराला सरकारी शिक्का लागत होता.

परिचारिकांची गोष्ट याहून कठोर, पण सांगायला थोडक्यात पुरते. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी रुग्णालयांतली शुश्रूषेची नोकरी अविवाहित बायका आणि मुले नसलेल्या विधवा यांच्यापुरती ठेवण्यात आली. लग्न केले की नोकरी गेली. ही बंदी १९६३ मध्ये उठली. ती उठावी म्हणून सह्या गोळा करणाऱ्या परिचारिकांपैकी इझाउरा बोर्जेस कोएल्यो हिला १९५३ मध्ये राजकीय पोलिसांनी पकडले आणि तिने काही वर्षे तुरुंगात काढली. मागणी काय होती? लग्न करू द्या. जी राजवट दिवसरात्र कुटुंबाचे गुण गात होती, तिला परिचारिकेचे कुटुंब नको होते. यात विसंगती वाटेल, पण कलम पाचच्या नजरेने पाहिले तर विसंगती नाही. घरातली बाई पूर्ण घराची, रुग्णालयातली पूर्ण रुग्णालयाची. दोन्हीकडे निर्णय तिचा नाही.

१९३८ मध्ये, सालाझार अर्थमंत्री होऊन दहा वर्षे झाली म्हणून, सरकारच्या प्रचार खात्याने ‘सालाझारचा धडा’ नावाची सात रंगीत भित्तिचित्रे छापली आणि शाळाशाळांत पाठवली. त्यातले शेवटचे चित्र आजही पोर्तुगालमध्ये बहुतेकांना आठवते. चित्रकार मार्तिन्श बाराता. खाली तीन शब्द : देव, देश, कुटुंब.

चित्रात खेड्यातले एका खोलीचे घर आहे. दारातून बाप शेतातून परत येतो आहे, हातात अवजार आहे. आई चुलीपाशी आहे, भांडे चढवलेले आहे. मुलगा युवक संघटनेच्या गणवेशात आहे. लहान मुलगी खेळण्याशी खेळते आहे. टेबलावर पाव आणि वाईन. एका बाजूला देव्हाऱ्यासारख्या जागेत क्रूस. उघड्या जागेतून दूर टेकडीवर किल्ला आणि त्यावर पोर्तुगालचा झेंडा दिसतो. घरात वीज नाही, रेडिओ नाही, वर्तमानपत्र नाही. आणि हे लक्षात घ्यावे : गरिबी इथे दुःख म्हणून काढलेली नाही. ती नीट झाडून, पुसून, पवित्र करून ठेवलेली आहे. बापाला येण्याजाण्यासाठी दार आहे, मुलाला गणवेश आहे. आईला चूल आहे. तिला बाहेरची कोणतीच खूण जोडलेली नाही.

हे चित्र मुलांनी पाहायचे होते, आणि मुलींनी त्यातली आई व्हायचे होते. त्यासाठी १९३६ मध्ये ‘राष्ट्रीय शिक्षणासाठी मातांचे कार्य’ ही सरकारी छत्राखालची संस्था आणि १९३७ च्या डिसेंबरात मुलींची ‘मोसिदाद पोर्तुगेझा फेमिनिना’ ही संघटना निघाली. तिची प्रमुख आयुक्त तीच मारिया ग्वार्दियोला. सात ते चौदा वर्षांच्या मुलींना ती सक्तीची होती. शिवण, स्वयंपाक, बाळाची काळजी, प्रार्थना आणि मोजका व्यायाम असा तिचा अभ्यासक्रम. डिसेंबरातल्या मातृसप्ताहात गरीब बायकांना बाळंतविडे आणि पाळणे वाटले जात, भरपूर मुले असलेल्या कुटुंबांना बक्षिसे मिळत. शाळेचे काय? १९५६ मध्ये सक्तीचे शिक्षण तीन वर्षांवरून चार वर्षांवर नेले गेले. मुलांसाठी. मुलींना ते चौथे वर्ष मिळायला १९६० उजाडले. १९७० च्या जनगणनेत पोर्तुगालमधल्या ३१ टक्के बायका निरक्षर होत्या, पुरुष सुमारे २० टक्के.

७ मे १९४० रोजी पोर्तुगालने व्हॅटिकनशी करार केला. त्यानुसार चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांनी घटस्फोटाचा हक्क सोडून दिला आहे, असे कायदा मानू लागला. १९१० चा घटस्फोटाचा कायदा पुस्तकात राहिला, पण बहुतेक लग्ने चर्चमध्ये होत असल्याने तो बहुतेकांसाठी बंद झाला. १९७५ पर्यंत ही स्थिती होती. नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई दुसऱ्या पुरुषाबरोबर संसार करू लागली आणि तिला मूल झाले, तर कायद्याने ते मूल आधीच्या नवऱ्याचे ठरत होते. हे टाळण्यासाठी काही जोडपी जन्मनोंदणीत फक्त बापाचे नाव लिहीत आणि आईच्या जागी ‘आई अज्ञात’ असे लिहून घेत. नऊ महिने पोटात वाढवलेल्या, अंगावर पाजलेल्या मुलाच्या दाखल्यावर आई अज्ञात. कुटुंबाच्या रक्षणासाठी केलेल्या करारातून हा कागद जन्माला आला. १९३९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तर घर सोडून गेलेली बायको न्यायालयामार्फत परत नवऱ्याच्या ताब्यात मिळण्यासाठी अर्ज करण्याची स्वतंत्र तरतूद होती, जशी एखादी वस्तू परत मिळवण्यासाठी असते.

सरकारी कागद इथवर आणतात. चुलीपाशी उभी असलेली ती बाई खरोखर तिथेच उभी होती का, हे ते सांगत नाहीत. ते सांगणारा कागद एका बाईने तयार केला.

मारिया लामास १९२८ पासून ‘मोदाश इ बोर्दादुश’, म्हणजे फॅशन आणि भरतकाम, या साप्ताहिकाची संपादिका होती. नावावरून वाटते त्याहून ते साप्ताहिक तिने पुष्कळ पुढे नेले. १९४५ मध्ये ती पोर्तुगीज स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेची अध्यक्षा झाली. १९१४ मध्ये आदेलाइद काबेते हिने स्थापन केलेली ही परिषद राजवटीत तग धरून राहिलेली जवळजवळ एकमेव स्वतंत्र स्त्री संघटना होती. जानेवारी १९४७ मध्ये परिषदेने लिस्बनमध्ये जगभरच्या लेखिकांच्या पुस्तकांचे प्रदर्शन भरवले. सुमारे तीन हजार पुस्तके. त्याच वर्षी सरकारने परिषद बंद केली. बायकांच्या शिक्षणाचे काम मातांची सरकारी संस्था करतेच आहे, मग दुसरी संस्था हवी कशाला, असे सरकारचे म्हणणे. लामासची साप्ताहिकातली नोकरीही गेली.

तेव्हा तिचे वय त्रेपन्न होते. ती देशभर फिरायला निघाली. बसने, गाडीने, जिथे रस्ता नव्हता तिथे पायी. सोबत कॅमेरा. १९४८ ते १९५० या काळात तिचे ‘आश मुल्हेरेश दु मेउ पाइश’, म्हणजे माझ्या देशातल्या बायका, हे मोठे पुस्तक हप्त्याहप्त्याने निघाले. त्यातल्या बायका चुलीपाशी क्वचितच सापडतात. समुद्रातून शेवाळ ओढून काढणाऱ्या, मिठागरातून डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या, भातशेतात चिखलात वाकून तण काढणाऱ्या, कोळशाची पोती बोटीवरून उतरवणाऱ्या, माशांच्या कारखान्यात डबे भरणाऱ्या, डोंगरात ओझ्याखाली वाकलेल्या बायका त्यात आहेत. आपल्याकडच्या खारेपाटातली किंवा लावणीच्या वेळची बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती छायाचित्रे अनोळखी वाटणार नाहीत. लामासने घोषणा लिहिली नाही. कोण किती वाजता उठते, किती मजुरी मिळते, मूल कोणाकडे ठेवते, तिने फक्त हे विचारले आणि लिहून ठेवले. भिंतीवरचे चित्र आणि हे पुस्तक शेजारी ठेवले की राजवटीबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही. त्यानंतर लामासला अटक झाली, आणि १९६० च्या दशकात तिने बरीच वर्षे पॅरिसमध्ये परागंदा अवस्थेत काढली.

अशाच कष्टकरी बायकांपैकी एक कातारिना एउफेमिया. दक्षिणेकडच्या आलेंतेझू प्रांतातले बालेइझाँव हे गाव. तिथली जमीन मोठ्या जमीनदारांची, गव्हाची, आणि काम हंगामी. १९ मे १९५४ रोजी कापणीच्या मजुरीत दोन एस्कुदोंची वाढ मागण्यासाठी मजूर बायकांचा एक गट शेताकडे गेला. कातारिना त्यांच्यात पुढे होती. वय सव्वीस, तीन मुलांची आई, धाकटे आठ महिन्यांचे मूल कडेवर. राष्ट्रीय रक्षक दलाच्या काराझोला नावाच्या लेफ्टनंटने तिच्यावर जवळून गोळ्या झाडल्या. गोळ्या पाठीत लागल्या. ती मेली. तिचा अंत्यविधी गावात होऊ दिला नाही. पोलिसांच्या पहाऱ्यात शेजारच्या किंतोश गावात तिला पुरले. १९७४ नंतर तिचे अवशेष बालेइझाँवला आणले गेले.

कातारिनावर पुढे पुष्कळ लिहिले गेले, आणि लोकांच्या तोंडी असे रुजले की मरताना ती गरोदर होती. शवविच्छेदनाच्या नोंदीतून ते सिद्ध होत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरने ती गरोदर नसल्याचे नोंदवले आहे. काहींना ही दुरुस्ती तिचा अपमान वाटते. मला तसे वाटत नाही. कडेवर आठ महिन्यांचे मूल असलेल्या बाईच्या पाठीत सरकारी अधिकाऱ्याने गोळ्या घातल्या, हे सिद्ध झालेले आहे. त्याला आणखी एक न जन्मलेले मूल जोडायची गरज नाही. मातेचा सप्ताह साजरा करणाऱ्या राजवटीसाठी एवढा पुरावा पुरे.

आता गोवा.

१८६७ ची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९१० ची कुटुंबविषयक फर्मानेही आली. हिंदूंसाठी १६ डिसेंबर १८८० ची रूढींची वेगळी संहिता होती. तिच्यात पहिली बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल झाले नाही, किंवा तिची तिशी उलटूनही मुलगा झाला नाही, तर काही अटींवर हिंदू नवऱ्याला दुसरे लग्न करता येत होते. सालाझारच्या सरकारने हे कलम तसेच राहू दिले. व्हॅटिकन कराराचा गाभा मात्र त्याने २२ जानेवारी १९४६ च्या ३५४६१ क्रमांकाच्या फर्मानाने वसाहतींपर्यंत पोहोचवला. म्हणजे मडगाव किंवा म्हापशाच्या चर्चमध्ये लग्न करणाऱ्या बाईलाही तोच नियम लागला, जो पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या चर्चमधल्या बाईला लागला होता. त्याच वर्षी १८ जून रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, आणि दोनच दिवसांनी वत्सला कीर्तनी या तरुणीला ‘जय हिंद’ म्हटल्याबद्दल पकडल्यावर मडगावच्या बायका पोलीस ठाण्यावर चालून गेल्या. राजकारण बायकांचे नव्हे, असे शिकवणाऱ्या राजवटीला गोव्यात बायकांनीच असा जाहीर जाब विचारला. गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत असेही येते की लग्नाची पत्रिका छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागत होती. पोर्तुगालमध्ये मास्तरणीच्या नवऱ्याला मंत्री पसंत करत होता, गोव्यात लग्नाच्या निमंत्रणावर सेन्सॉरची नजर होती.

६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशात गोवा नॅशनल काँग्रेसचे अधिवेशन भरवण्याचा प्रयत्न झाला. अध्यक्षस्थानी होत्या सुधाताई जोशी. मराठी वाचक त्यांना आणखी एका नात्याने ओळखतील : भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक, सत्तरीतल्या आंबेडे गावचे पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या त्या पत्नी. पुण्यातले बिऱ्हाड सोडून, संसाराचे जे काही होईल ते होवो असे ठरवून त्या गोव्यात गेल्या आणि म्हापशात त्यांना अटक झाली. पुढची काही वर्षे पोर्तुगीज तुरुंगात गेली. संसार करणारी बाई राजकारणात येते तेव्हा ती कुटुंब मोडते, असे सालाझारचे तत्त्वज्ञान सांगत होते. जोशींचे कुटुंब मोडले नाही. ते चार वर्षे दोन ठिकाणी राहिले, एवढेच. त्याच काळात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई हे दोघे सीमेजवळच्या जंगलातून गोव्याच्या स्वातंत्र्याचे गुप्त रेडिओ केंद्र चालवत होते. गोवा मुक्त झाल्याची बातमी त्यांच्याच आवाजात लोकांपर्यंत गेली.

पोर्तुगालमध्ये ही राजवट इतक्या लवकर गेली नाही. १९६६ मध्ये नवी नागरी संहिता झाली, १ जून १९६७ पासून लागू झाली. तिच्यात नवरा हा कुटुंबाचा प्रमुख, हे आता स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. घरचा कारभार बायकोचा, तेही लिहिले. बाईने बाहेर नोकरी धरली तर काही प्रकारच्या नोकऱ्यांत नवरा तो करार मोडू शकत होता. नेमक्या याच काळात आफ्रिकेतल्या वसाहतींच्या युद्धांसाठी आणि फ्रान्समधल्या मजुरीसाठी पुरुष देश सोडून जात होते, आणि कारखाने बायकांनी भरत होते. १९६८ मध्ये राष्ट्रीय सभेच्या मतदानात बायकांना पुरुषांबरोबर आणले गेले, पण गावमंडळांचे मत कुटुंबप्रमुखाकडेच राहिले. १९६९ मध्ये नवऱ्याच्या परवानगीवाचून परदेशी जाण्याची मुभा मिळाली. १९७१ च्या घटनादुरुस्तीत कलम पाचमधले ‘कुटुंबाचे भले’ हे शब्द गेले. ‘निसर्ग’ मात्र राहिला. १९७२ मध्ये तीन लेखिकांनी मिळून लिहिलेले ‘नोव्हाश कार्ताश पोर्तुगेझाश’ हे पुस्तक जप्त झाले आणि तिघींवर खटला भरला गेला. २५ एप्रिल १९७४ रोजी लष्कराच्या बंडाने राजवट कोसळली, आणि मे महिन्यात त्या तिघी निर्दोष सुटल्या. १९७६ च्या घटनेत समानता आली, आणि या वेळी वाक्य स्वल्पविरामापाशी वळले नाही. नोव्हेंबर १९७७ मध्ये नागरी संहितेतून कुटुंबप्रमुख नवरा काढून टाकण्यात आला. ती दुरुस्ती १ एप्रिल १९७८ पासून अमलात आली.

गोव्यात मात्र १९६२ च्या भारतीय कायद्याने जुने पोर्तुगीज कायदे चालू ठेवले होते, ते १९६१ मध्ये जसे होते तसे. लिस्बनमध्ये पुढे केलेली कोणतीही दुरुस्ती इथे पोहोचणार नव्हती. आज गोव्यात जमीन विकताना नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, आणि सामाईक मालमत्तेच्या या नियमाचे देशभर कौतुक होते. ते कौतुक रास्तही आहे. पण त्याच संहितेत सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे देणारी कलमेही होती. १ एप्रिल १९७८ रोजी लिस्बनच्या बाईच्या डोक्यावरून कुटुंबप्रमुख गेला. त्या दिवशी पणजीच्या बाईसाठी १८६७ ची संहिता आणि १९४६ चे सालाझारचे फर्मान दोन्ही अमलात होती.